उशिरा येईल त्यानं गायचं

लातूरला गोलाईजवळ, आमच्या घराला लागूनच माडीवर एक खोली होती. साठच्या दशकात वडील आणि त्यांच्या आडत बाजारातल्या दोस्तांनी तिथं गाण्याचा क्लब काढला. नाव नुसतं ‘क्लब’, त्यामुळे पत्ते कुटायला म्हणून भलतेच लोक जिना चढून यायचे आणि आलाप ऐकून पळ काढायचे.

नियम एकच: उशिरा येईल त्यानं गायचं. लोक वेळेवर यावेत म्हणून तो केला, पण झालं उलटंच. स्वतःला गवई समजणारे सगळे मुद्दाम उशिरा येऊ लागले. वडिलांचा गळा फाटका, म्हणून ते सगळ्यांच्या आधी हजर.

बायकांना मात्र मज्जाव. आईनं त्या सगळ्या बैठका भिंतीपलीकडं, आमच्या स्वयंपाकघरात बसून ऐकल्या. तिचा गळा गोड होता आणि तिला एकदा तरी तिथं गायचं होतं. वडील हसून विषय टाळायचे. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

वडील गेले, क्लब अजून आहे. खाली डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेचा क्लास, शेजारी ‘नीट’चा क्लास, समोर पोरींचं हॉस्टेल आणि मधे या खोलीत दर रविवारी पेटीभोवती बसलेले दहा-बारा म्हातारे. आता ते बायकांनाही या म्हणतात, जात कुणी नाही. मागच्या रविवारी ऐंशी ओलांडलेली आई म्हणाली, “मला ने तिथं.”

मी केव्हाची तयार. आई लुगडं नेसते, सोडते, पुन्हा नेसते. मी चिडलेच. “अगं, बैठक सुरू झाली की!”

“होऊ दे की. उशीर केल्याबिगर गायला कसं मिळंल?”

जिन्यावर आणखी वेळ गेला. तो मात्र गुडघ्यांमुळे.

दारात आम्हाला बघून अध्यक्ष उठले. वडिलांच्या दोस्तांमधले हे सगळ्यात धाकटे. “या वैनी, बसा. तुम्हाला नियम न्हाई, तुम्ही पाहुण्या.”

“पाहुणी कशाची? भिंतीपल्याड बसून तुमच्यापेक्षा जास्त ऐकलंय मी. सूर धरा.”

आणि ती गायली. एक जुनी उर्दू गझल. आवाज थरथरत होता, सूर जागेवर होता. मी तर रडायलाच लागले. मग ऐन रंगात ती थांबली. तबला नुसताच वाजत राहिला. सगळ्यांना वाटलं, धाप लागली.

“पुढचं मला येत न्हाई,” आई म्हणाली. “हितवर आलं की तुम्ही चहासाठी भिंत ठोकायचा. मी स्टोव्ह पेटवायची. त्याच्या आवाजात पुढचं कधी ऐकूच आलं न्हाई.”

अध्यक्षांनी पेटी पुढं ओढली आणि उरलेले दोन शेर स्वतः म्हटले, बेसूर, पण अख्खे. आईनं डोळे मिटून ऐकले.

“एवढंच व्हय?” ती म्हणाली. “मला वाटलं, लई काय तर असंल. चला, आता समदे मिळून, पहिल्यापासनं.”