कुजलेल्या कालवांचे आकडे

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या माया गजभियेने समुद्र कधी पाहिला नव्हता. तरी दर मे महिन्यात रत्नागिरीकडच्या खडकांवरची साठ कालवं बर्फात घालून तिच्याकडे येत.

ती रामदासपेठेतल्या एका खासगी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. कालवं पाठवणाऱ्या उत्तरा मॅडम कोकणातल्या एका संशोधन संस्थेत होत्या. समुद्राचं पाणी तापतंय, थोडं आम्लधर्मीही होतंय. त्यानं कालवांचं कवच पातळ होतं का, आतलं मांस घटतं का, हे त्यांना पाहायचं होतं. माया एकेक कालव उघडून मांस आणि कवच वेगवेगळं तोलायची. पहिली दोन वर्षं काम नीट झालं. तोललेली कवचं मॅडमकडे परतही गेली.

तिसऱ्या वर्षी पेटी वाटेत कुठेतरी चार दिवस उन्हात पडून राहिली. मायानं झाकण काढलं आणि तिला बाहेर पळून ओकावं लागलं. परत येऊन तिनं नाकाला ओढणी बांधली, साठही कालवं तपासली आणि वहीत लिहिलं, 'मांस कुजलेले. तोलता येत नाही.'

मालक सुमंत सरांनी लांबूनच ती नोंद वाचली.

"हे खोड," ते म्हणाले. "मागच्या वर्षीचे आकडे घे, थोडे कमी कर. समुद्र गरम होऊन राहिला ना, मग मांस कमीच भरणार."

"सर, यात मांस उरलंच नाही."

"म्हणूनच सांगतो आहे. कवचंही अंदाजानं लिही. आणि ही घाण फेक आधी."

मायानं कवचं फेकली नाहीत. घासून, वाळवून, क्रमांक घालून पाकिटांत ठेवली. तक्ता मात्र सरांनी स्वतःच बनवला. दुसऱ्या दिवशी तिनं तो पाहिला. साठही आकडे मागच्या वर्षीपेक्षा शिस्तीत, ठरावीक प्रमाणात कमी केलेले. दोन वर्षांत तिला एकसारखी दोन कालवं मिळाली नव्हती. खाली छापलं होतं, 'तपासणी : माया गजभिये'.

आदल्या दिवशीच्या वासापेक्षा तिला याची जास्त शिसारी आली. समुद्राचं जे काही होत असेल ते खरंच होत असेल. पण या माणसानं त्या खऱ्यालाही खोट्यात बुडवलं होतं, आणि वर तिचं नाव चिकटवलं होतं.

रात्री ताट समोर तसंच राहिलं. आई पार्वतीबाई म्हणाल्या, "काहून वं, जेवून नाही राहिली?"

"माझ्या नावानं खोटं लिहिलं, माय. मले किळस येऊन राहिली."

"मग खरं काय ते सांग ना त्या मॅडमले."

सकाळी तिनं उत्तरा मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लेखी द्याल?"

मायानं पत्र लिहिलं, सही केली आणि कवचांची पाकिटं सोबत पाठवली. आठवड्याभरात तिची नोकरी गेली.

मॅडमनी तिन्ही वर्षांची कवचं पुन्हा तोलली. पहिल्या दोन वर्षांची वजनं मायाच्या नोंदींशी जुळली, सुमंत सरांच्या तक्त्यातलं एकही जुळलं नाही. प्रयोगशाळेकडून कालवांचं काम काढून घेतलं गेलं. अहवालात तिसऱ्या वर्षी कवचांची खरी वजनं आली, पण मांसाचा रकाना रिकामा राहिला. तो मे महिना काही पुन्हा आणता येणार नव्हता.

वर्षभरानं, माया मौद्याजवळच्या एका पाणी तपासणी केंद्रात लागल्यानंतर, सुमंत सर तिला सीताबर्डीवर भेटले. प्रयोगशाळा मजेत चालली होती. आता विहिरींच्या पाण्याचं काम मिळालं होतं.

"उगाच ताणलंस तू," ते हसत म्हणाले. "अहवाल वाचला मी. कवचं पातळच झाली ना शेवटी? मी तेच लिहिलं होतं."

"तुम्ही तोललं नव्हतं, सर."

"अगं, पण उत्तर तर तेच आलं." त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं. "चल, चहा घेऊ."

मायाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. ती नको म्हणाली आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.