‘गंज’विरुद्धची फाइल

चैत्रातल्या सकाळी खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला मिठाचा, ओल्या चिखलाचा आणि दूरवर कुठेतरी वाळत घातलेल्या मासळीचा असा एक मिश्र गंध असतो. मला तो आता केवळ स्मरणातून ठाऊक आहे. कारण खाडीजवळच्या पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घराची रस्त्याकडची खिडकी मी एकोणीस वर्षांपूर्वी लावून घेतली, तिच्या फटींत जुन्या धोतराच्या घड्या कोंबल्या, आणि त्यानंतर तो वारा आमच्याकडे फिरकला नाही. मुंबई सोडून आम्ही इथे आलो ते शांततेच्या शोधात. शांततेचा उपभोग हा नागरिकाचा हक्क आहे, अशी माझी तेव्हाही धारणा होती आणि आजही आहे. दिवाणी न्यायालयाच्या अभिलेखकक्षात हयात घालवलेल्या माणसाने हक्क सोडायचा नसतो. त्याने अर्ज करायचा असतो.

आमच्या बैठकीच्या खोलीखाली एक गाळा आहे. त्यात त्या वर्षी तीन महाविद्यालयीन तरुण वाद्ये घेऊन शिरले. चौक गावच्या ख्रिस्ती कोळ्याचा मुलगा ग्लेन गिटार वाजवी आणि गाई, तुषार नावाचा दणकट मुलगा ड्रम बडवी आणि तिसरा, दाढीवाला, बास गिटार धरून उभा असे. शटरवर त्यांनी लाल रंगात आपल्या बँडचे नाव रंगवले होते: ‘गंज’. त्यांच्या संगीताला पंक म्हणतात, हे मला पुढे कळले. तीन सुरांत मावेल तेवढाच संताप, आणि तोही धाप लागेपर्यंत पळवलेला. संताप हा माझाही विषय होता. परंतु मी तो समास सोडून, परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहीत असे.

माझी पहिली तक्रार परत आली. आवाज करणारे इसम कोण, कोणत्या नावाने आणि कोणत्या वेळेत, याचा उल्लेख नसल्याचा शेरा तिच्यावर होता. तो अपमान मी विसरलो नाही. त्यानंतरच्या माझ्या एकाही पत्रात संदिग्धता सापडणार नाही; बँडचे नाव, तारीख आणि वेळ प्रत्येकात आहे. सोसायटी, पालिका, पोलीस ठाणे अशा तिन्ही ठिकाणी मी स्वतः जात असे, प्रतीवर पोच घेत असे, आवक क्रमांक तपासत असे. प्रत्येक पत्र एकाच वाक्याने संपे: ‘तरी माझे म्हणणे नोंदवून घ्यावे.’ ते नोंदवले जाई. त्यापलीकडे काहीही होत नसे. शिक्का म्हणजे उत्तर नव्हे, हे समजायला माणसाला फार वर्षे लागतात. आणि समजल्यावरही तो रांगेत उभा राहतोच, कारण रांग सोडली तर मागच्या सगळ्या खेपा खोट्या ठरतात. खिडकी बंद, घर बदलणे अशक्य, माझ्या पत्नीच्या, सुधाच्या, गुडघ्यांना जिना नकोसा. अशा त्या कोंडलेल्या खोलीत दर रविवारी दहा वाजता फरशी थरथरू लागे आणि कपाटातली फुलपात्रे एकमेकांना लागत.

वर्षे गेली. तुषार नोकरीसाठी आखाताकडे गेला तेव्हा शबनम नावाची पेणकरपाड्यातली मुलगी ड्रमवर बसली. तिचा हात त्याच्यापेक्षा जड आहे, हे मी लेखी कळवले. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या आठवड्यात एकच गाणे एकतीस वेळा झाले, तेही कळवले. मग ते बंगळूर, शिलाँग अशा ठिकाणी कार्यक्रमांना जाऊ लागले. त्या काळातल्या पत्रांत ‘आजपावेतो उपद्रव नाही, तथापि तो पुन्हा संभवतो’ असे वाक्य आढळते. ग्लेनची आई गेली तेव्हा त्यांनी एक संथ चाल बसवली. त्या रविवारी मी पत्र लिहिले नाही, कारण पाहुणे आले होते, असे मी सुधाला सांगितले. पाहुणे कोणीही आले नव्हते.

गेल्या माघात शटर एकाएकी बंद झाले. पहिला रविवार मी विजयासारखा साजरा केला. दुसऱ्या रविवारी पाण्याचा पंप ऐकू आला, कबुतरांचे घुमणे ऐकू आले, आणि सुधाचे उठतानाचे बारीकसे कण्हणे, ज्याकडे त्या गदारोळाच्या नादात माझे इतकी वर्षे लक्षच गेले नव्हते. तिसऱ्या रविवारी मी खिडकी उघडायला गेलो. लोखंडी बिजागऱ्या गंजून एकजीव झाल्या होत्या. खिडकी हलली नाही.

त्याच सकाळी ग्लेन दारात आला. केस पांढरे होऊ लागलेले, चपला बाहेर काढलेल्या.

“काका, तुमच्याकडं आमची फाइल हाय ना?”

“तुमची नाही. तुमच्याविरुद्धची.”

“तीच. तीच पायजे.”

हकीकत अशी होती: दाढीवाला बासवादक भांडून निघून गेला होता आणि जाऊन त्याने ‘गंज’ हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवण्यासाठी अर्ज केला होता. यांना नोटीस आली होती, नाव वापरू नका. हे नाव पहिल्यापासून, खंड न पडता आपणच वापरत आलो, याचा पुरावा त्यांच्या वकिलाला हवा होता. कार्यक्रमांच्या जुन्या पत्रिका पावसात भिजल्या, फोटो हरवलेल्या फोनबरोबर गेले. “आमच्याकडं कायच न्हाय,” ग्लेन म्हणाला. “नाव गेलं तर आमचीच गाणी आम्ही कुणाची म्हणून वाजवायची?”

मी त्याला पुढच्या रविवारी यायला सांगितले आणि दार लावले. सुधा आतून म्हणाली, “एकोणीस वर्षं तुम्ही त्यांच्या मागे लागलात. आता भोगा, ते तुमच्या मागे लागलेत.”

तो आठवडा मी फाइलसमोर बसून काढला. फाइल दिली, तर जो आवाज बंद व्हावा म्हणून मी तिचे पान न् पान लिहिले, त्याच आवाजाला माझ्याच हस्ताक्षरात दीर्घायुष्य मिळणार होते. न द्यावी, तर खरा पुरावा दडवल्याचा दोष. आणि पुरावा दडवणाऱ्यांविषयी माझी मते सर्वश्रुत आहेत. दोन्ही दारे मीच बांधलेली, दोन्हींना कड्या बाहेरून. पाने उलटताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आरंभीच्या पत्रांत केवळ ‘गोंगाट’ हा शब्द आहे. पुढे पुढे ‘तिसऱ्या गाण्यात गायकाचा श्वास अपुरा पडतो’ अशी वाक्ये येऊ लागतात. कोणत्याही पोलीस ठाण्याला या माहितीचा उपयोग नव्हता.

रविवारी मी फाइल आणि सोबत नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र ग्लेनच्या हाती ठेवले. त्यात शपथेवर लिहिले होते की, सदर बँड याच नावाने एकोणीस वर्षे वाजवत असल्याचे मी स्वतः ऐकले आहे, आणि माझी तक्रार कायम आहे. त्याने पाने चाळली, एका पत्राच्या तळाशी थांबला आणि हसू लागला.

“काका, हे वाक्य आमच्या गाण्यात हाय.”

“कोणते वाक्य?”

“नोंदवून घ्यावे! ते चार ठोके पडून सुरू होतं ना, ते. सोसायटीचा सेक्रेटरी तुमची पत्रं शटरला चिकटवायचा, आम्ही सगळी वाचायचो. शिलाँगला हजार पोरं ओरडत होती, माझं म्हणणं नोंदवून घ्या!”

ते चार ठोके मला माहीत होते. त्या गाण्याविषयी मी ‘सर्वांत असह्य’ असा शब्दप्रयोग सात वेळा केला होता. जमिनीतून वर येताना त्याचे शब्द मात्र कधीच उरत नसत.

“कोणाच्या परवानगीने?” मी विचारले. आवाज चढला होता.

“खाली लिहिलेलं असायचं ना, ‘प्रत माहितीसाठी रवाना’. त्यात आमचं पण नाव होतं.”

मी पत्राचा तळ तपासला; नाव माझ्याच अक्षरात होते. सुधा हसत चहा टाकायला उठली.

निकाल अजून लागायचा आहे. प्रतिज्ञापत्र दाखल झाले आणि पुढच्याच रविवारी, ठीक दहा वाजता, शटर वर गेले. मी नेहमीप्रमाणे कागद घेतला, तारीख घातली, विषय लिहिला, क्रमांक देऊन परिच्छेद उतरवले. मग खाली चार ठोके पडले. बंद खिडकीच्या काचेवर तळहात टेकवून मी उभा राहिलो. काच थरथरत होती, आणि आता शब्द माहीत असल्यामुळे ते जमिनीतून स्पष्ट वर येत होते. तिन्ही कचेऱ्यांनी माझी पत्रे घेतली, पण वाचली ती फक्त खालच्या या लोकांनी. आणि त्यांचे उत्तर इतकी वर्षे दर रविवारी माझ्या पायांखाली येत होते. त्याच उत्तराविरुद्ध मी पुन्हा पत्र लिहीत होतो.

परत टेबलाशी आलो. पत्र पुरे झाले होते, शेवटची ओळ तेवढी राहिली होती. ती खाली ओरडली जात असताना कागदावर कशी लिहावी, ते सुचेना. मी पेन उघडेच ठेवले आणि गाणे संपण्याची वाट पाहत बसलो.