बापानं नेली

माझ्या नणंदेची चार वर्षांची मुलगी तिच्या बापाने नेली. गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. चंद्रपूर आणि गडचिरोली तेव्हा एकच जिल्हा होता. मी गोंडपिपरीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. नणंदेचं नवऱ्याशी पटेना म्हणून ती पोरीला घेऊन आमच्याकडे, म्हणजे तिच्या भावाच्या घरी राहायला आली होती. तिचा नवरा तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुंशी होता. उन्हाळ्यात जंगलातल्या गावांत पानांची पुडकी मोजून घ्यायची आणि उरलेलं वर्ष मिळेल ते काम करत हिंडायचं. एका बाजाराच्या दिवशी तो आला, ओसरीवर बसून चहा प्यायला, “पोरीले जिलेबी घेऊन देतो,” म्हणाला आणि तिला सायकलच्या दांड्यावर बसवून घेऊन गेला. संध्याकाळी बाजार उठला. ती दोघं परत आली नाहीत.

त्याच्या गावी जाऊन पाहिलं, घराला कुलूप. मग मी नणंदेला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. जमादार नुकताच जेवून आला होता आणि काडीने दात कोरत बसला होता.

“पोट्टी हरवली का?” त्याने विचारलं.

“हरवली नाई जी,” नणंद म्हणाली. “बापानं नेली.”

“मंग? बापानं नेली तं बापाजवळ हाय नं.”

“बापच सापडून नाई राह्यला.”

“त्याले शोधा मंग. नवरा-बायकोच्या भांडणात पोलिसाचं काय काम? हरवली असती तं लिहून घेतलं असतं.”

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, “बाई, परत आत चल आणि ‘हरवली’ म्हण. एवढा एक शब्द म्हटलास तर तो कागद काढेल.”

“हरवते ते बकरी, वयनी,” ती म्हणाली. “मी हरवली म्हटलं तं माह्या हातून हरवली असं होते. उद्या तोच लोकायले सांगंन, हिले पोरगी सांभाळता नाई येत. त्यानं नेली तं मी हरवली काऊन म्हणू?”

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तेवढ्याने पोलीस हलणार नव्हते. या एका शब्दावरून आमच्या दोघींत पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. मी म्हणे शब्दाने काय बिघडतं, ती म्हणे सगळं बिघडतं.

समाजातल्या मोठ्या माणसांची बैठक विहारात झाली. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, म्हणजे एकच बाजू, कारण दुसरी हजर नव्हती. शेवटी त्यांतले एक भाऊ म्हणाले, “पोरगी बापाजवळ हाय, वाघाजवळ नाई. एवढं काय घाबरून राह्यले?” सगळे हसले. नणंद उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

नंतर जिल्हा फुटला आणि नणंदेच्या नवऱ्याचं गाव गडचिरोलीत गेलं. मी शाळेच्या सुट्टीत दोन्हीकडे अर्ज घेऊन गेले. गडचिरोलीचा साहेब म्हणे, नेली कुठून? तिथं जा. चंद्रपूरचा म्हणे, नेली कुठे? तिथं जा. दोघेही बोलायला चांगले होते. एकाने चहासुद्धा पाजला.

माझ्या नवऱ्याने सुरुवातीला बहिणीसाठी खूप पायपीट केली, मग तो थकला. मीही थकले, पण मला तसं म्हणायची सोय नव्हती, कारण नणंद माझ्याच चुलीपाशी बसायची. ती रोवणीला जायची, धान कापायची, घरातलं सगळं करायची. फक्त तिला घेऊन कुठे जायची मला धास्ती वाटे. पोरगी आता केवढी झाली असेल याचा हिशेब तिच्या डोक्यात सतत चालू असायचा आणि तेवढी पोरगी दिसली की ती सरळ जाऊन तिचं तोंड बघायची.

एकदा एका लग्नासाठी वरोऱ्याला गेलो होतो. भर बाजारात तिने एका पोरीचं मनगट धरलं. पोरीची आई बांगड्यांच्या दुकानातून धावत आली.

“काऊन वं, माह्या पोरीले हात काऊन लावून राह्यली? पोरी पळवतं का?”

मी मध्ये पडले. सांगितलं की हिची मुलगी अशीच आहे, म्हणून भ्रम झाला. बाई थोडी निवळली.

“हरवली का तुही?”

“नाई,” नणंद पदर सारखा करत म्हणाली. “बापानं नेली.”

“अवं, मंग रडतं काऊन? बाप काय खाते का पोरीले?” असं म्हणून ती परत बांगड्या भरायला गेली. नणंद रडत नव्हती. मीच डोळे पुसत होते, आणि तेही बाजारातल्या धुळीमुळे.

आमच्या गावच्या बायका हिवाळा सरता सरता सिरोंच्याच्या बाजूला मिरची तोडायला जायच्या. टोळीच जायची, उन्हाळा तापला की परत यायची. एका वर्षी मोसमाच्या मध्येच परतलेल्या एका बाईने सांगितलं, “तुमच्या जावयाची बहीण दिसली, सिरोंच्याच्या अलीकडच्या एका गावात. तिच्याजवळ एक पोट्टी हाय. पोरायसंगं तेलगू बोलते, पण चालते तुमच्या बाईसारखीच फेंगडी.”

मी रजा टाकली. आष्टी, अहेरी अशा एसट्या बदलत आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे पोचलो. वाटेत मी नणंदेला बजावत होते, रडायचं नाही, झोंबायचं नाही, आधी पाणी प्यायचं, मग बोलायचं.

दारात पोरीची आत्या उभी होती. सवयीने तिच्या तोंडून “जयभीम” निघालं. भाऊ नदीपलीकडे कामाला आहे, एवढं तिने न विचारता सांगितलं. आम्हाला चटई टाकून दिली. थोड्या वेळाने दहा-अकरा वर्षांची पोरगी पाण्याची गुंडी डोक्यावर घेऊन आली. ओळखायला काही कष्ट पडले नाहीत.

“तुही माय हाय,” आत्या तिला म्हणाली.

पोरीने गुंडी उतरवली, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि आत्यालाच विचारलं, “माय तं गेली नं?”

मी आत्यावर उसळले. “मेली म्हणून सांगितलं तुम्ही हिला?”

“मेली नाई म्हटलं बाई,” आत्या म्हणाली. “भाऊ म्हणे सोडून गेली, म्हणून आम्ही गेली म्हटलं. पोरीनं काय समजलं ते पोरीनं समजलं.”

पोरीने जे समजायचं ते समजून घेतलं होतं. दर पौर्णिमेला ती आईसाठी बुद्धाच्या तसबिरीखाली एक वेगळी मेणबत्ती लावत होती. हे तिनेच सांगितलं, साधेपणाने. आत्या लावू देत होती. एकदा लावलेली मेणबत्ती बंद कशी करायची, हे तिलाही कळलं नसावं.

नणंद उठून तसबिरीपाशी गेली. खाली मेणाचे थर साचले होते. ते पाहून परत येऊन बसली. “आता नोको लावू,” म्हणाली. पोरगी “बरं” म्हणाली आणि बकऱ्या आणायला गेली.

मी नणंदेला बाजूला घेतलं. “तो इथे नाही. आत्या अडवणार नाही. पोरीला घे, परतीची एसटी गाठू. पुढचं पुढे बघता येईल.”

“तशी नेली तं मी बी नेलीच नं, वयनी.”

“बाई, तू आई आहेस.”

“तो बी बापच होता. आता पोरीले काही नाई सांगायचं आन उचलून न्यायचं, पुन्हा? मी इथीच राह्यतो. टोळीत मिरची तोडतो. पोरगी पाह्यते मले, मंग पाहू.”

मी तिच्याशी तासभर भांडले. ती हलली नाही. मी एकटी परत आले. एसटी स्टँडवर नवरा घ्यायला आला होता. माझ्या मागून आणखी दोघी उतरतात का, ते त्याने पाहिलं.

“बाई कुठी हाय?”

“राहिली.”

“आन पोरगी?”

“तीही तिथेच आहे. घरी चल, मला भूक लागली आहे.”

नणंद त्या मोसमात राहिली आणि पुढच्या मोसमात टोळीबरोबर परत गेली. मध्येच एकदा पोरीचा बाप आला, शेताच्या बांधावर उभा राहून ओरडला आणि गेला. ही मिरची तोडत राहिली. पोरगी आधी लांबून बघे, मग शाळा सुटल्यावर तिच्या डब्यातलं खाऊ लागली. यातलं मी काही पाहिलं नाही, टोळीतल्या बायका सांगत.

दुसऱ्या मोसमानंतर आत्या पोरीला घेऊन आमच्याकडे आली, आठ दिवसांसाठी. नणंदेने तिला घर, तळं, माझी शाळा दाखवली. पोरगी तिला माय म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती, समोर येऊन बोलायची. आठ दिवस झाल्यावर तिने स्वतःच एसटीची वेळ विचारली. नणंदेने सांगितली.

स्टँडवर मीही गेले. गाडी सुरू झाल्यावर पोरीने खिडकीतून डोकं काढलं.

“येशीन नं मिरचीले?”

“येतो,” नणंद म्हणाली.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. दुपारची घंटा व्हायच्या आत शाळेत पोचले.