रंगरावच्या बंदुकीचा आवाज

सोनाळ्यात बातमी फिरली ती अशी: रंगरावनं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, किसनरावावर बंदूक झाडली, कट्ट वाजलं, पण गोयी काही निघाली नाही. पानठेल्यावर तर लोक बोटानं चाप ओढूनही दाखवत.

चाप त्यानं ओढलाच नव्हता.

बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, मक्यात शिरणारी डुकरं हाकायला दिलेली. त्या सकाळी रंगराव मचाणावरून उतरला, तर शेजारचा किसनराव ट्रॅक्टरनं दोघांमधला धुराच नांगरून राह्यला होता. बापानं राखलेला धुरा. रंगरावचं डोकं भणाणलं. पाय धावले आणि हातातली भरली बंदूकही सोबत गेली. चूक झाली ती इथंच.

किसनराव कुऱ्हाड घेऊन उतरला. "काऊन बे, डुक्कर दिसून राह्यलो का तुले? हाये दम त मार."

आपलं बोट चापाजवळ गेलंय हे रंगरावला तेव्हा कळलं. एवढंसं बोट. वाकलं की किसनराव आडवा, आपण तुरुंगात आणि घरी बायको, गोजर, एकटी. त्यानं बोट काढलं, नळी बाजूच्या मोकळ्या ढेकळांकडं वळवली आणि बंदूक मधून उघडली. कट्ट. दोन्ही काडतुसं खिशात घातली, उघडी बंदूक हातावर टाकली आणि तो मागं सरकू लागला.

"पयाला रे पयाला," किसनराव हसला.

"हाव, पयालो," रंगराव म्हणाला. "धुरा मोजणीवाला ठरवीन. हे डुकरासाठी देल्ली हाये, तुह्यासाठी नाही."

मग गोजरबाईला सांगून तो ठाण्यात गेला आणि आपण होऊन घडलं ते सांगितलं. चौकशी होईस्तोवर बंदूक तिथंच जमा झाली. डुकरांनी मका मनसोक्त खाल्ला. पानठेल्यावर पोरं 'फुसका बार' म्हणत. रंगराव सुपारी घेऊन घरी जाई.

त्या पोरांतलाच मी एक; तो कट्ट मी जिभेनं हुबेहूब काढतो. किसनरावचा पोरगा दोनदा दचकलाय. बंदूक ठाण्यातून सुटून घरी आली, कुलपात गेली, तेव्हा मी रंगरावशी कचोरीची पैज मारली: मागून आवाज काढीन, तुम्ही वळून पाहालच.

तो ओसरीवर पाठमोरा कणसं सोलत बसला होता. मी आवाज काढला. त्याचं कणीसही थांबलं नाही.

"हा बंदूक बंद करायचा आवाज हाये," तो म्हणाला. "म्या त्या दिवशी उघडली होती. जाय, कचोरी आन."