बाईंच्या कॉम्प्युटरवरचं एक अपडेट

वाचनालयाचे सहा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे चुळबुळे म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण काही अर्धवट राहिलं की त्यांचा जीव खालीवर होई, म्हणून हे नाव. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं आणि त्याचाही त्यांनी आत्तापासूनच धसका घेतला होता.

खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर, डोळे गेलेल्या एक निवृत्त बाई रोज पुस्तकं ऐकायला येत. त्यातल्या लिनक्स प्रणालीवरचा एक प्रोग्राम त्यांना पडद्यावरचं सगळं वाचून दाखवी. पण त्या आठवड्यात दर पाच मिनिटांनी पुस्तक मध्येच तोडून आवाज सांगू लागला, "एक अपडेट बाकी आहे."

"अहो, इथे नायिका मरायला टेकलीय आणि याला अपडेट सुचतंय!" बाई वैतागल्या.

चुळबुळ्यांनी अपडेट चालवलं. काहीच झालं नाही, सूचना मात्र तिथेच. त्यांनी अपडेटची साठलेली जुनी यादी पुसली, नवी आणली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तीन दिवस असेच गेले. घरी बायको म्हणाली, "जेवताना तरी पाय हलवू नका." पण पाय ऐकतात कुठे?

चौथ्या दिवशी उलगडा झाला आणि ते स्वतःवरच चरफडले. वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांनीच चार वर्षांपूर्वी, जुना आवाज परत आणून, अपडेट होण्यापासून अडवून ठेवला होता. नव्या आवृत्तीत आवाज बदलला होता आणि "हा कोण परका?" म्हणत बाईंनी आठवडाभर पुस्तक ऐकलं नव्हतं. हे ते साफ विसरले होते. आता त्याची आणखी नवी आवृत्ती आली होती आणि ती अडलेलीच असल्यामुळे सूचना हटत नव्हती.

"बाई, एक तर आवाज बदलेल, नाहीतर सूचनाच बंद कराव्या लागतील. मग इतर कशाचं अपडेट आलंय का, ते रोज हाताने बघायचं."

"आवाज राहू दे. चार वर्षं माझ्याशी सगळ्यात जास्त तोच बोललाय."

सूचना बंद झाल्या, पुस्तक सुरू झालं. बाईंनी ते लगेच थांबवलं.

"आणि तुम्ही गेल्यावर? नवा माणूस पहिल्याच दिवशी सगळं अपडेट करून मोकळा होईल."

नव्याच्या जागी चुळबुळे असते तर त्यांनीही तेच केलं असतं. ते दारापर्यंत गेले, परत आले आणि खुर्ची ओढून बाईंशेजारी बसले.

"पासवर्ड सांगतो. वाचनालयाच्या साहेबांनाही माहीत नाही. अपडेट अडवायचं कसं, जुना आवाज परत आणायचा कसा, सगळं तुम्हीच करायचं. टाइप करा."

"आत्ता? माझं काही चुकलं तर?"

"चुकू दे की. मी आहे तोवर चुकून घ्या."