जीपचं इंजिन आणि घासलेला नंबर

ते प्रकरण मी विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही. हे लिहू नका, खात्याची अब्रू जाते, असं दोन जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून सांगितलं. त्यांची पेन्शन त्यांना, माझी मला. मी लिहिणार.

तेव्हा मी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी एका गॅरेजवाल्याने खबर दिली की, बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माणसाने बापाच्या जुन्या जीपला चोरीचं इंजिन बसवलंय. माणसाला जीपसकट ठाण्यात आणलं. तो मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये काम करायचा. सुट्टी संपत आली होती, पंधरा दिवसांनी बोटीवर हजर व्हायचं होतं. गुन्हा नोंदला गेला तर कंपनी त्याला घेणार नव्हती आणि घर त्याच्याच पगारावर चालत होतं. हे सगळं त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, तेही अजिबात गयावया न करता.

इंजिनावर नंबर ठोकलेला असतो. तो कागदाशी जुळवायचा, एवढंच काम होतं. पण बॉनेट उघडलं तर तेलाचा थर आणि खाऱ्या हवेचा गंज. मी हवालदाराला म्हटलं, नंबर चकाचक करा, आणि बैठकीला निघून गेलो. दुपारी परत येऊन बघतो तर शेवटचे तीन आकडे गायब, जागा आरशासारखी. चोर इंजिनाचा नंबर घासून काढतात हे मी कितीतरी वेळा पाहिलेलं. तेल निघाल्यावर चोरी उघडी पडली, असं मी धरून चाललो. तसा पंचनामा केला. वरिष्ठांना कळवलं, तेही खूश झाले. टोळी सापडणार, म्हणाले.

मग चौकशी सुरू केली. मी जीपवाल्याला विचारलं, खटाऱ्याला इंजिन बदलण्याचा खटाटोप कशाला? त्याने सगळं सांगितलं. खबर देणारा हाच गॅरेजवाला त्याला जुन्या धर्तीचं स्वस्त इंजिन देत होता. दोन दिवसांत बसलं असतं, पण भकाभक धूर सोडणारं. आता नियम कडक आहेत. आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते आणि धुराच्या बाबतीत मूळ इंजिनापेक्षा वाईट इंजिन चालत नाही. म्हणून त्याने पुण्याहून, अपघातात चेपलेल्या गाडीचं, त्याच कंपनीचं नवीन निकषांचं डिझेल इंजिन आणलं. धुराचा फिल्टर आणि वायरिंगसकट. फिल्टर काढून टाक, अ‍ॅव्हरेज वाढेल, असं गावभर लोक सांगत होते. त्याने कोणाचं ऐकलं नाही. परवानगी आणि बसवणं यात त्याच्या दोन सुट्ट्या गेल्या.

"बापाची जीप भंगारात घालणार नाय," तो म्हणाला, "आणि लोकांच्या नाकात काळा धूर सोडत फिरणार पण नाय."

मला तो आगाऊ वाटला. तरी मी त्याला सोपा रस्ता दाखवला. इंजिन चोरीचं आहे हे माहीत नव्हतं, फसलो, असा जबाब दे. इंजिन मुद्देमाल म्हणून जमा कर, साक्षीदार हो आणि जा तुझ्या बोटीवर. दुसरा कोणी असता तर लगेच सही करून सुटला असता. याने कागद माझ्याकडे परत सरकवला.

"चोरीचं नाय, तर फसलो असं का लिहू? आरटीओच्या फायलीत पेन्सिल प्रिंट आहे. ती मागवा, मग बोला."

नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल फिरवली की आकडे कागदावर उमटतात, ती पेन्सिल प्रिंट. दुसऱ्या दिवशी फाईल आली. इंजिन बसवल्यानंतर, महिन्याभरापूर्वी, निरीक्षकाने घेतलेली प्रिंट तिच्यात होती. गंजाने आकडे पुसट झाले होते, पण सगळेच्या सगळे वाचता येत होते आणि खरेदीच्या कागदाशी जुळत होते. सरकारी तपासणी पार पडल्यावर नंबर घासणारा चोर मी तरी पाहिलेला नाही.

मी हवालदाराला बोलावलं. साधा, सरळ माणूस. त्याने खिशातून झिजलेला पॉलिश पेपर काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, तुम्हीच बोललात, चकाचक करा. रॉकेलने गंज निघंना, म्हणून हा मारला."

मला शरम वाटली. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, पंचनामा झालाय तसाच राहू दे, गुन्हा नोंदवा, पुढे कोर्ट बघेल. मी म्हटलं, कोर्ट बघेपर्यंत त्याची नोकरी गेलेली असेल, मी नोंदवणार नाही. आणि स्टेशन डायरीत लिहिलं की नंबर माझ्या हुकमावरून आमच्या माणसाच्या हातून घासला गेला. त्यावरून पुढे मला नोटीस आली, मग घाटावर बदली झाली. तिथे ताजे मासे मिळत नव्हते, बाकी काही बिघडलं नाही. आपलं इंजिन खपलं नाही म्हणून खोटी खबर देणाऱ्या गॅरेजवाल्याला बोलावून जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

डायरी लिहून झाली त्याच दिवशी जीपवाल्याला बोलावून किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, सुटलात, या आता. तो हलला नाही.

"उद्या दुसऱ्या पोलिसाने बॉनेट उघडलं तर मी काय दाखवू? नंबर तुमच्याकडे घासला गेला, तसं लिहून द्या."

एवढ्या नोकरीत माझ्याकडे असं कोणी मागितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला संताप आला. पण तो बरोबर होता. मी लिहिलं, सही केली. त्याने कागद वाचून परत माझ्यापुढे ठेवला.

"सही कोणाची ते वाचता येत नाय. नाव लिहा."

आरोपी खोटं बोलतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. आपल्याच हुकमाने पुरावा नासू शकतो आणि तसं झालं तर ते आपल्याच नावाने कबूल करायचं असतं, हे मला त्या माणसाने शिकवलं. मी सहीखाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, ठाण्याचा शिक्का मारला. त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि मगच किल्ली उचलली.