साबुदाण्याचं उपोषण

आमच्या गावातल्या पुरुषांना उपोषण करता येत नाही, हे आता सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी त्यांच्यातल्या एकाची बायको आणि बाकीच्यांची वहिनी किंवा काकू असल्यामुळे मला ते आधीपासूनच माहीत होतं. तालुक्याला मात्र ते मोबाइलवर बघावं लागलं.

आमचं गाव राजूर-भोकरदन रस्त्यापासून आत आहे. फाट्यावर उतरायचं आणि पुढे तीन किलोमीटर चालायचं. पूर्वी एस.टी. थेट मारुतीच्या पारापर्यंत यायची. कोरोनात बंद झाली ती झालीच. कोरोना गेला, मास्क गेले, बस काही परत आली नाही. डेपोत विचारलं की उत्तर मिळायचं, तुमच्या गावाला प्रवासीच नाहीत. बस नाही म्हणून प्रवासी नाहीत आणि प्रवासी नाहीत म्हणून बस नाही, या घोळात दोन-तीन वर्षं निघून गेली.

पोरांचं काही अडलं नाही. ती कुणाच्याही गाडीवर तिघं-तिघं बसून जातात. अडलं पोरींचं. वाटेत दोन्ही बाजूंना डोक्याएवढा मका, मध्ये एक ओढा आणि फाट्यावर गाड्यांच्या आरशात भांग पाडत बसलेले टगे. दहावी झाली की पोरगी घरी बसायची. बापांना भीती वाटायची, आणि ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही.

मी अंगणवाडी सेविका आहे. गावातलं जवळपास प्रत्येक पोर मी काट्यावर ठेवून मोजलेलं आहे. शेजारच्या घरातली पोरगी त्यातलीच एक. तिचे वडील नात्यानं माझे चुलत दीर. पोरगी भारी वात्रट. शाळेतल्या सगळ्या सरांच्या नकला करते, सरपंचांची करते, माझी तर माझ्यासमोर करते. दहावीला चांगले मार्क पडले आणि तिनं भोकरदनच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं. पावसाळ्याचे पहिले काही आठवडे ती चिखल तुडवत फाट्यापर्यंत गेली. मग एके दिवशी त्या टग्यांपैकी एक जण तिच्या मागे ओढ्यापर्यंत गाडी रेटत आला. तिनं त्याला चप्पल दाखवली आणि घरी येऊन त्याचीही नक्कल करून दाखवली. आम्ही हसलो. तिचे वडील हसले नाहीत.

त्यांनी मला सरळ सांगून टाकलं, "वहिनी, बस गावात आली तर जाईल शिकायला. न्हाई तर मी अंकुशनगरचे पावणे बोलवून राह्यलो. पोरगा कारखान्यात पर्मनंट आहे."

मी म्हटलं, भाऊजी, पोरगी सोळाची आहे. ते म्हणाले, लगेच कुठं, नुसतं बघून ठेवू. 'नुसतं बघून ठेवू' म्हणणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचं बघून होईपर्यंत हळद लागलेली असते. मला त्या रात्री इतका राग आला की भाकरी थापताना परातीचा आवाज तीन घरं ऐकू गेला.

गावातल्या पुरुषांनाही वाटत होतं की बस यावी. ते बसले, बोलले आणि साखळी उपोषण करायचं ठरलं. साखळी म्हणजे रोज नवी माणसं, एकाच्या पोटावर सगळा भार नको. तहसीलला निवेदन गेलं, डेपोला गेलं, पोलीस ठाण्याला गेलं. बॅनरवर कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली यावर दोन बैठका झाल्या. मी जालन्यापासून मुंबईपर्यंत इतके मोर्चे केलेत की माझ्या चपलांना घोषणा पाठ आहेत, पण मला कुणी काही विचारलं नाही. चहा मात्र दोन्ही बैठकांना माझ्याच घरून गेला.

उपोषणाचा पहिला दिवस म्हणून अंगारकी चतुर्थी निवडली. अंगारकीला राजूरच्या गणपतीला तोबा गर्दी असते, रस्ता माणसांनी भरून वाहतो, त्यामुळे आपलं उपोषण सगळ्यांना दिसेल हा हिशोब. शिवाय त्या दिवशी उपास तर सगळ्यांना असतोच. एका दगडात दोन पक्षी मारले म्हणून आमचे मालक घरी येऊन स्वतःवरच खूश होते.

अंगारकीला सकाळीच फाट्यावर मंडप पडला. अकरा जण हार घालून बसले. आरोग्य केंद्राची सिस्टर आली, तिनं सगळ्यांचं बीपी घेतलं, वजन घेतलं, कागदावर लिहिलं. घोषणा झाल्या. राजूरला जाणारे लोक थांबून बघत होते. सगळं बराबर चाललं होतं.

दुपारी बाराला घराघरातून डबे निघाले.

यात कुणाचाच काही वाईट हेतू नव्हता. चतुर्थी म्हटलं की आमच्याकडे दुपारी फराळ करतात, आणि घरचा माणूस शेतात असला की फराळ शेतात जातो, फाट्यावर असला की फाट्यावर. मंडपात साबुदाण्याची खिचडी आली, भगर आली, शेंगदाण्याची आमटी आली, दही आलं, केळ्यांचा अख्खा घड आला. उपोषणकर्त्यांनी हार बाजूला ठेवले, बॅनरखाली मांडी घातली आणि आडवा हात मारला. कुणाला काही खटकलंच नाही. खिचडीत तर सगळं उपासाचंच होतं.

नेमके त्याच वेळी डेपोचे साहेब जीपमधून उतरले. ते येणार होते चारला. त्यांनी बॅनर वाचला, ताटं बघितली, परत बॅनर वाचला. त्यांना बसा म्हणणं भागच होतं. त्यांचीही चतुर्थी होती. तेही बसले, प्लेटभर खिचडी खाल्ली, मिरची जरा जास्त झाली म्हणाले, हात धुतले आणि "चालू द्या तुमचं" असं म्हणून निघून गेले. संध्याकाळी सिस्टरनं परत वजनं घेतली तर सातांची वाढली होती. मी आयुष्यभर गावातल्या पोरांचं वजन वाढावं म्हणून झटते आहे, इतक्या झपाट्यानं मला कधी यश आलं नव्हतं.

राजूरच्या गर्दीतल्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता. दिवे लागायच्या आत तो तालुकाभर फिरला. भोकरदनच्या बाजारात आमच्या गावचा माणूस दिसला की लोक विचारायचे, उद्याच्या उपोषणाला काय बेत आहे. दुसऱ्या दिवशी मंडपात बसायला कुणी तयार होईना. आमचे मालक अजूनही म्हणत होते की उपासाला चालतंच की, पण आता घरात आणि हळू आवाजात.

मला हसू येत होतं, पण ते फार वेळ टिकलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरीची आई माझ्या ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, रविवारी पावणे येणार आहेत. पोरगीही मागोमाग आली. तिला म्हटलं, पावण्यांची नक्कल करून दाखव. ती म्हणाली, "काकू, मला करावंसं वाटून न्हाई राह्यलं." त्या पोरीच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं.

सासूबाई खांबाला टेकून वाती वळत होत्या. त्या हरतालिकेला पाण्याचा थेंब घेत नाहीत, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, आणि वर्षभरातले बाकीचे उपास तर पंचांगानेही मोजू नयेत. त्या म्हणाल्या, "पुरुषांना कशाला बसवलं? त्यांना कधी उपाशी ऱ्हायची सवय हाय का?"

बस, तेवढ्यावर ठरलं. बांगड्यावाल्या भाभींना निरोप गेला. त्या वरच्या गल्लीतल्या, दर रमजानला भर उन्हात टोपली डोक्यावर घेऊन रोजे करणाऱ्या. त्या म्हणाल्या, एका दिवसाचंच ना, हे तर बिलकुल काही नाही. अशा करत करत तीसेक बाया झाल्या. शनिवारी उजाडताच आम्ही फाट्यावर गेलो. बॅनर नाही, हार नाही, फोटो नाही. कुणी गोधडी शिवायला आणली, कुणी तूर निवडायला. डबे आणायचे नाहीत, एवढा एकच नियम. सासूबाई आणि भाभींनी पाणीही सोडलं. आम्ही बाकीच्या पाण्यावर राहिलो.

खरी गंमत गावात सुरू झाली. बाया गेल्या म्हणजे चुली गेल्या, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सकाळी अकरापर्यंत आमच्या मालकांचे चार फोन आले. मीठ कुठंय. म्हैस पान्हवत नाही. धाकटा शाळेचा शर्ट सापडत नाही म्हणतो. चौथ्या फोनवर नुसती म्हैस ओरडताना ऐकू आली. पोरीचे वडील तर एकटेच पडले होते, कारण बायको आणि पोरगी दोघी मंडपात. त्यांनी पीठ मळायला घेतलं आणि पाणी जास्त झालं, म्हणून पीठ घातलं, मग परत पाणी. शेजारच्यांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत परात भरली होती आणि भाकरी एकही नव्हती.

संध्याकाळपर्यंत गावातला प्रत्येक पुरुष ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन करत होता. सरपंचांनी आमदारांच्या माणसाला केला, त्यानं वर केला. जे काम दोन-तीन वर्षांच्या निवेदनांनी झालं नव्हतं, ते एका दिवसाच्या भुकेनं हलायला लागलं. मी भुकेनं म्हणते आहे, पण कुणाच्या, ते सांगायला नको. रात्र आम्ही मंडपातच काढली. डास फार होते.

रविवारी सकाळी डेपोचे साहेब आले. सोबत पत्र आणि लिंबू सरबताची मोठी बाटली. सही आहे, शिक्का आहे, पुढच्या आठवड्यापासून बस सुरू, असं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मग सासूबाईंपुढे सरबताचा पेला धरला. आजी, आता सोडा उपोषण.

सासूबाईंनी पेला घेतला नाही. त्यांचा आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्हीबी चतुर्थी धरता ना?"

साहेबांना खिचडी आठवली असावी. ते जरा बिचकत हो म्हणाले.

"कॅलेंडरात चंद्र निघायचा टाइम छापलेला असतो. तेवढा वाचून जेवता का तुम्ही?"

"नाही. चंद्र दिसल्यावर."

"मंग आमाला बस दाखवा."

भाभींनी गोधडीचा टाका घातला आणि दोरा दातानं तोडला. साहेबांनी पत्राची घडी केली, जीपच्या पलीकडे गेले आणि बराच वेळ फोनवर बोलत राहिले. आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. तेवढ्या वेळात माझ्या मनात सारखं एकच, पावणे अंकुशनगरहून निघाले असतील का.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रस्त्यावर लाल रंग दिसला. भोकरदनकडून येणारी गाडी फाट्यावर थांबली. ड्रायव्हर तरुण होता, गावाचा रस्ता त्याला ठाऊक नव्हता. पोरगी चटकन वर चढली, त्याच्या केबिनपाशी उभी राहिली आणि हात करून वाट दाखवायला लागली. आम्ही तीस बाया मागून चढलो. कंडक्टर तिकीट-तिकीट म्हणत होता, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ओढ्यात गाडी हेलकावली तेव्हा पोरीनं ड्रायव्हरच्याच आवाजात "धरून बसा, धरून बसा" म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला.

पाराजवळ सगळं गाव उभं होतं. पोरीचे वडील पुढे होते, हाताला कोपरापर्यंत वाळलेलं पीठ. आम्ही उतरलो. साहेब जीपमधून मागोमाग आले आणि त्यांनी सासूबाईंच्या हातात पेला दिला, दुसरा भाभींच्या. सासूबाईंनी बसकडे एकदा नीट बघून घेतलं, पुढून मागून, आणि पेला तोंडाजवळ नेला.

पोरीचे वडील कंडक्टरपाशी गेले. त्यांनी विचारलं, पोरींचा पास कुठं निघतो. कंडक्टर म्हणाला, फोटो आणि कॉलेजचं पत्र घेऊन डेपोत या. त्यांनी मान हलवली. खिशातून फोन काढला आणि पावण्यांना सांगितलं, येऊ नका, पोरगी शिकून राह्यली. मग फोन ठेवून त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "उद्या येणार न्हवं ही गाडी?"

ड्रायव्हर म्हणाला, ते मला नाही सांगता येणार, मला तर आजच पाठवलं.

सासूबाईंनी ओठांपर्यंत नेलेला पेला पारावर ठेवून दिला. भाभींनी आपलाही त्याच्या शेजारी ठेवला. दोघी एकमेकींना टेकून परत खाली बसल्या.

साहेबांनी कपाळाला हात लावला. ते ड्रायव्हरकडे बघत म्हणाले, "सकाळी सातला ये. रोज."

"रोज?" सासूबाईंनी विचारलं.

"रोज, आजी. शपथेवर सांगतो."

तेव्हा कुठं त्यांनी पेला उचलला. बाया सरबत पीत होत्या तोवर आमचे मालक हळूच माझ्या कानाशी येऊन विचारत होते, आता घरी चलतेस का, खूप भूक लागली आहे.